चौदा चिकट बोर्ड

९ जानेवारी

दादा,

आधीच सांगते, शुद्धलेखनाला हसू नकोस. टायपिंगला पण नको. मी एका बोटाने टाइप करतेय आणि कीबोर्डात भुसा गेलाय, त्यामुळे 'न' कधी उमटतच नाही आणि कधी दोनदा उमटतो. दोनदा उमटलेले मी पुसलेत. काही राहिलं असेल तर समजून घे. एवढ्याला माझा अख्खा चहा गार झाला.

तू फोन उचलत नाहीस. आईचा पण नाही. म्हणून मी आपल्या वर्कशॉपच्या ऑर्डरींच्या ईमेलवरून ऑर्डरींच्याच ईमेलला लिहितेय. असं चालतं का मला माहीत नाही. पण तू हा ईमेल बघतोस. परवा एक मेल जाड अक्षरात होता, काल तो बारीक झाला. मी उघडला नव्हता. बाबांना तर कॉम्प्युटर कुठून सुरू होतो तेच माहीत नाही. म्हणजे तूच. मी आईला सांगितलं, दादा मेल वाचतो, तर ती म्हणाली, "म्हणजे बोटं शाबूत आहेत," आणि कांदा चिरायला लागली. कांदा नव्हता खरं तर. भोपळा होता. तरी नाक ओढत होती.

हॉटेलवाल्या बाईंचे चौदा वाढायचे लाकडी बोर्ड अजून तसेच आहेत. मधल्या फळीवर ओळीने ठेवलेत. लाकूड मस्त आहे, कडा मस्त आहेत, फक्त मधली रेझिनची निळी नदी बोट लावलं की बोटाला धरते. वीस दिवस झाले. तूच म्हणायचास ना, रेझिनमध्ये हार्डनर मिसळून ओतलं की दुसऱ्या दिवशी काचेसारखं टणक झालं पाहिजे. बाईंचं हॉटेल सुरू पण झालं. त्या साध्या ताटल्यांत वाढतात. दोनदा फोन आला. बाबा म्हणाले, "बिघडलेत. नीट करून देतो." एवढंच. फोन ठेवला.

बाबा रोज सकाळी आले की आधी एका बोर्डवर बोट दाबतात. रोज वेगळ्या. मग बोट बघतात, पँटला पुसतात आणि कामाला लागतात. पॉलिशकाका म्हणाले, "काय हो, माशा पकडायला मांडलेत का?" कोणी हसलं नाही. मग ते एकटेच हसले, आणि मग खोकले.

मला एकच विचारायचं होतं.

त्या दिवशी काट्यावर मी होते. नऊशे ग्रॅम रेझिनला साडेचारशे हार्डनर. मी म्हटलं साडेचारशे, तू परत म्हटलंस साडेचारशे. आपला नियमच आहे तसा. मग दुसऱ्या दिवशी बोर्ड चिकट निघाले आणि बाबांनी विचारलं, हार्डनर किती घातलं, तर तू म्हणालास, "मी घातलं. पाचशे पन्नास. हात घसरला." बाबा म्हणाले, परत सांग. तू परत तेच. तीन वेळा. मग बाबा म्हणाले, "आकडा खरा सांग, नाहीतर चालता हो." आणि तू एप्रन काढून रंध्यावर टाकलास आणि गेलास.

मी तिथेच होते. काट्याजवळ. तू माझ्याकडे बघितलं पण नाहीस.

पाचशे पन्नास कुठून आलं? माझ्यानंतर तू अजून ओतलंस का? हो की नाही एवढंच सांग. मला काही कळत नाहीये.

टाचणी

१३ जानेवारी

दादा,

मेल बारीक झाला. म्हणजे वाचलास. उत्तर नाही.

बरं. मी माझं मीच शोधून काढतेय. चहाचे सहा कप घेतले, कागदी. प्रत्येकात वीस ग्रॅम रेझिन. हार्डनर एकात दहा, म्हणजे बरोबर माप. मग नऊ, आठ, सात, सहा. आणि एकात बारा, ते तुझ्या पाचशे पन्नाससाठी. कपांवर आकडे लिहून खिडकीत ठेवले. आईने बघितलं, म्हणाली, "हे काय? कोणाची औषधं?" मग तिने प्रत्येक कपावर 'पिऊ नये' असं लिहिलं. सहाही कपांवर. तिचं अक्षर छान आहे.

आज उघडून बघितले. दहा टणक. नऊ टणक. आठवर नख उमटतं. सात आणि सहा चिकट, अगदी आपल्या बोर्डांसारखे. बोटाला तसंच धरतात, सोडताना तसाच बारीक आवाज येतो. आणि बारावाला रबरासारखा झालाय. वाकतो. पण चिकटत नाही.

आपले बोर्ड वाकत नाहीत, चिकटतात.

म्हणजे पाचशे पन्नास नव्हतंच. म्हणजे तू ओतलं नाहीस. मग तू असं म्हणालास कशाला? तू आणि खोटा आकडा? तू तर माझ्यापेक्षा जास्त ऐकलंयस ते बाबांच्या अर्ध्या बोटाचं. कोणीतरी करवतीवर चुकीचा आकडा सांगितला आणि बोट गेलं. तेव्हापासून एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने परत बोलायचं. तू जेवताना पण करायचास, आई म्हणायची दोन पोळ्या, तू म्हणायचास दोन पोळ्या, आणि तिसरी उचलायचास.

पॉलिशकाका म्हणतात बोर्ड सरळ जाळा. बाबांनी फक्त मान हलवली, नाही म्हणून. रेझिन खरवडून काढायचं कसं हे मला माहीत नाही. बाबांना तर नाहीच माहीत, ते त्याला 'तुझ्या दादाची जेली' म्हणतात. आधी रागाने म्हणायचे. आता कसं म्हणतात ते मला कळत नाही.

आणखी एक सांगायचं होतं, पण जाऊ दे. काट्याबद्दल होतं. जाऊ दे.

टाचणी

१७ जानेवारी

दादा!

उत्तर आलं. मी ते अकरा वेळा वाचलं. एवढंसं तर आहे. "खरवड. पटाशीने नको, लाकूड दुखेल. प्लॅस्टिकचं पातं घे. मग स्पिरिटने पूस. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव. बाबांना काही सांगू नकोस."

आधी मला खूप आनंद झाला. मग मी शेवटचं वाक्य परत वाचलं.

काय सांगू नकोस?

मी तर तुला काही सांगितलंच नाहीये. दोन्ही पत्रं मी उघडून बघितली. नाहीये लिहिलेलं. मग तुला काय माहीत आहे? दादा, तुला काय माहीत आहे?

थांब. लिहिते. आता नाही लिहिलं तर परत नाही जमायचं.

तू साच्यांना टेप लावत होतास, माझ्याकडे पाठ करून. मी हार्डनर ओतत होते, अगदी बारीक धारेने, तूच शिकवलंस तसं. मी फारच हळू ओतते, माहीत आहे मला. तर मध्येच काटा बंद पडला. आपोआप. तो काटा असाच आहे ना, थोडा वेळ बटण नाही दाबलं की झोपतो. मी बटण दाबलं तर शून्य आलं. किती झालं होतं ते मी बघितलंच नव्हतं, मी धारेकडे बघत होते. सगळं परत करायला हवं होतं. किंवा तुला हाक मारायला हवी होती. मी अंदाजाने ओतलं. तेवढ्यात तू विचारलंस, "किती?" आणि मी म्हटलं, "साडेचारशे!"

मोठ्याने म्हटलं. मला पण माहीत नाही कसं. घाबरले म्हणून असेल. आणि तू वळलास, हातात टेप, आणि म्हणालास, "अरे वा! आज आवाज फुटला! बाबा, ऐकलंत का?" आणि करवतीपलीकडून बाबा हसले. आपले बाबा, दादा! हसले. पॉलिशकाका पण म्हणाले, "कोण बोललं? रेडिओ लावलाय का?"

मग मी कसं सांगणार?

शाळेत माझं काय व्हायचं तुला माहीत आहे. हजेरीला तोंडातून शब्द निघायचा नाही. वर्गात बसलेली असायचे आणि गैरहजर लागायचे. शेवटी म्हटलं गैरहजरच लागायचं तर वर्कशॉपमध्ये तरी जाऊ. इथे तुम्ही मला आकडा हळू म्हणू द्यायचात. तू कान पुढे आणायचास. आणि ज्या एका दिवशी मी मोठ्याने म्हटला, तो खोटा होता.

आता सांग, तुला हे माहीत होतं का?

टाचणी

१८ जानेवारी

माहीत होतं म्हणे. "सकाळी हार्डनरचा डबा उचलला तेव्हाच कळलं, फार जड होता. जास्तीचं भुशाच्या पोत्यात ओतून टाकलं. तू गप्प बस म्हणजे झालं."

दादा, गप्प बसायला मला कोणी शिकवायला नको. ते मला येतं. तेवढंच येतं.

तू माझ्यासाठी केलंस हे मला कळतं. पण मग मला रडू यायला पाहिजे ना? मला राग येतोय. तू मला विचारलं का नाहीस? डबा हातात घेऊन माझ्याकडे यायचंस आणि म्हणायचंस, टाचणे, हे काय आहे? मी सांगितलं असतं. असतं का? माहीत नाही. तुला पण वाटलं असणार, ही काय बोलणार. म्हणून तू माझ्या वतीने खोटं बोललास, आणि खोटं पकडलं गेलं तर घर सोडून गेलास, आणि मी इथे बसून 'पिऊ नये' कप उघडतेय, तू चोर की मी चोर ते बघायला.

आज एक बोर्ड खरवडला. निळं चिकट लांब लांब निघतं. हातमोजे घातले होते. खिडकी उघडी होती. म्हणजे तुझं ऐकलंय. बाकीचं ऐकेन असं नाही.

२४ जानेवारी

दादा,

मी बाबांना सांगितलं.

सगळं नीट क्रमाने लिहायचा प्रयत्न करते, कारण माझ्याच डोक्यात ते नीट बसत नाहीये.

दुपारी जेवण झाल्यावर बाबा फळीशी बसून पटाशीला धार लावत होते. पॉलिशकाका कोपऱ्यात बोर्डला तेल चोळत होते. आई डबे न्यायला आली होती. मला एकट्या बाबांना सांगायचं होतं, पण एकटे बाबा सापडेपर्यंत मी परत गप्प झाले असते. म्हणून मी जाऊन उभी राहिले.

"बाबा."

"हं."

"हार्डनर मी घातलं होतं."

बाबांनी पटाशी थांबवली नाही. "किती?"

"कमी. काटा बंद पडला. मी अंदाजाने घातलं. आणि साडेचारशे म्हटलं."

"हं," बाबा म्हणाले. आणि धार लावत राहिले.

मला वाटलं ऐकूच गेलं नाही. मी परत म्हणणार तेवढ्यात ते म्हणाले, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. सकाळी डबा उचलला तेव्हा जड होता. दुपारी उचलला तर हलका. डबा काय आपणहून हलका होतो? भुशाचं पोतं उघडलं तर मधे ओला गोळा."

मी तिथेच खाली बसले. स्टूल नव्हतं, तशीच. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुझी वाट बघत होतो."

"एक महिना?"

"मला वाटलं दोन लागतील," बाबा म्हणाले.

कोपऱ्यातून पॉलिशकाका म्हणाले, "मी तर तीन धरले होते." म्हणजे त्यांना पण माहीत होतं! मी आईकडे बघितलं. आई डब्याचं झाकण लावत होती, ते एकदम खूप अवघड काम झालं होतं. "आई, तुला पण?" ती म्हणाली, "अगं, तू झोपेत बडबडतेस. जागेपणी नाही बोलत ते सगळं तेव्हाच काढतेस. साडेचारशे, साडेचारशे. मी काय समजायचं?"

म्हणजे तुला माहीत होतं, बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, काकांना माहीत होतं. आणि सगळे माझ्याशी असं वागत होते की जणू काही झालंच नाही. आणि मी पण. पाच माणसांना माहीत आणि एकाच्याही तोंडातून शब्द नाही, आणि गप्प म्हणून नाव फक्त माझं आहे.

मग मला राग आला. बाबांवर. खरंच आला. मी म्हटलं, "माहीत होतं तर दादाला का घालवलंत? चूक माझी होती."

"तुझ्या चुकीसाठी नाही घालवला."

"मग?"

"तुझं माप चुकलं. माप सगळ्यांचं चुकतं. तू घाबरून खोटं बोललीस, ते पण कळतं मला. तो घाबरलेला नव्हता. माझ्या तोंडावर बघून, शांतपणे, तीन वेळा. मी दर वेळी खरं सांगायला दार उघडं ठेवलं. दर वेळी तेच. उद्या करवतीवर तो म्हणेल चाळीस, आणि मी हात पुढे करायचा. कसा करू?"

त्यांनी ते अर्धं बोट दाखवलं नाही. नेहमी दाखवतात. आज हात पटाशीखाली ठेवला.

"पण तो माझ्यासाठी बोलला."

"हो ना," बाबा म्हणाले. "त्याचाच तर त्रास आहे. रागावता पण येत नाही नीट."

आई म्हणाली, "दोघं एका लाकडाचे. मधेच चीर गेलेले."

आता मला सांग, दादा, यात कोण बरोबर? मी तेव्हापासून हाच विचार करतेय. तू मला वाचवलंस, तर तू चांगला. बाबांनी खरं मागितलं, तर बाबा चांगले. मी सगळ्यात वाईट, पण माझ्यावर कोणीच रागावत नाही, उलट आईने मला दुपारी दोन वाट्या खीर दिली. ही शिक्षा आहे का? मी विचारलं तर आई म्हणाली, "खीर आहे. खा."

मी बाबांना विचारलं, मग दादाने परत यायचं असेल तर काय करायचं. (मी विचारलं. तू सांगितलंस म्हणून नाही, मी आपणहून.) बाबा म्हणाले, "काही नाही. आकडा खरा सांगायचा. मी तेवढंच मागितलं होतं."

आणि इथे माझी खरी पंचाईत झाली. कारण मी विचार करायला लागले, खरा आकडा किती? तू तर सांगू शकत नाहीस, ओतलं मी. मी सांगू शकत नाही, अंदाजाने ओतलं. डब्यात किती उरलं ते मोजलं असतं तर कळलं असतं, पण ते तू भुशात ओतलंस. पोतं बाबांनी फेकून दिलं. माझे कप पण सांगत नाहीत, सात आणि सहा दोन्ही सारखेच चिकटतात. म्हणजे दोनशे सत्तर असेल, तीनशे दहा असेल, मधलं काहीही असेल. आता तो आकडा जगात कोणाकडेच नाही. मी, तू आणि बाबा, आपण तिघांनी मिळून हरवला.

मी हे सगळं बाबांना सांगितलं. एका दमात. एवढं मी आयुष्यात बोलले नसेन. पॉलिशकाकांनी चोळायचं थांबवलं.

"मग तो काय सांगणार?" मी म्हटलं. "त्याला माहीतच नाही."

"मग तेच सांगेल."

"माहीत नाही? हा आकडा चालेल का?"

बाबांनी पटाशी उजेडात धरून बघितली. मग परत दगडावर ठेवली. धार झालेली होती, तरी ठेवली.

"मोठ्याने म्हणाला तर चालेल," ते म्हणाले.

"फोनवर?"

"फोनवर मी आकडे घेत नाही. समोर उभं राहून. आणि समोरच्याने परत म्हणायचा, नियम आहे."

मी विचारलं, परत कोण म्हणणार? तर म्हणाले, "मी म्हणेन. मला तरी कुठे माहीत आहे?"

एवढंच झालं. मी खूप विचार केला, पण याचा अर्थ 'ये' असाच होतो ना? का मला वाटतंय म्हणून होतो? आईला विचारलं तर ती म्हणाली, "अर्थ काढत बसू नकोस, टाइप कर." म्हणून टाइप केलंय. अगदी शब्द न शब्द, 'न' दोनदा न उमटवता.

सहा बोर्ड खरवडून झाले. आठ आहेत. बाबा आजपासून माझ्या शेजारी बसून खरवडतात, हातमोजे न घालता, मी ओरडले तरी. तू आलास तर नवं रेझिन कोण मोजणार ते आपण ठरवू. नाही आलास तर मी मोजेन. दोन्हीला मी तयार आहे. नाही, तयार नाहीये. पण मोजेन.

पॉलिशकाकांनी आज सकाळी दाढी काढली. तेवीस वर्षांची होती. बाबांनी त्यांना गिऱ्हाईक समजून खुर्ची दिली, आणि ते चहा येईपर्यंत बसून राहिले.

टाचणी